टीम कोणाची?

मागच्या आठवड्यात मोहल्ल्यातले पाच-सहा पोट्टे घरी आले. फुटबॉलची टीम काढायची म्हणे. "काका, तुमची भाऊंशी ओळख हाये. ते किट, बूट सारं द्यायले तयार हायेत. फक्त टीमले त्यांचं नाव पाहिजे म्हणतात." म्हणजे छातीवर भाऊंचं नाव आणि बॅनरवर भाऊंचा फोटो. निवडणूक तोंडावर आहे, त्यामुळे भाऊंना खेळ आठवणं साहजिक आहे.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा पाजला आणि रविवारी सांगतो म्हणालो. कारण हा चित्रपट मी आधी पाहिलेला आहे.

कॉलेजात असताना आमचीही टीम होती. पोस्टल ग्राउंडवर निलगिरीच्या बल्ल्या गाडून गोलपोस्ट केले होते. एका जिनिंगवाल्या शेठनी जर्सी दिल्या, छातीवर जिनिंगचं नाव. दारव्हा, दिग्रस, पुसदला खेळून आलो. तीन वर्षांनी शेठनी जिनिंग विकलं. मुनीमजी घरी येऊन जर्सी परत मागायला लागले, त्याही धुऊन! आमच्यातल्या एकानंही म्हटलं नाही की चला, बनियनवर खेळू. टीम शेठची होती, शेठ गेले, टीम गेली.

आपण छोट्या गावचे म्हणून असं झालं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग महिंद्रा युनायटेडचं झालं. मुंबईची केवढी मोठी टीम! तीनदा ड्युरंड, दोनदा फेडरेशन कप, २००५-०६ ला राष्ट्रीय लीग. २०१० मध्ये कंपनीनं ठरवलं आणि टीम बंद. पुण्याचं तर विचारूच नका. पुणे एफसी २००७ ला निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ ला संपला. भारत एफसी एकच मोसम टिकला. एफसी पुणे सिटी २०१४ ला आयएसएलमध्ये आला आणि २०१९ ला त्याची जागा हैदराबादच्या क्लबनं घेतली.

बरं, हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. जपानात १९९३ ला जे-लीग सुरू झाली तेव्हा कंपन्यांच्या संघांना सांगितलं गेलं की कंपनीचं नाव मागे ठेवा, गावाचं पुढे लावा. तिथेही योकोहामा फ्लूगेल्सचं काय झालं बघा. एक मालक विमान कंपनी, दुसरी बांधकाम कंपनी. १९९८ मध्ये बांधकामवाले पैशाअभावी बाहेर पडले आणि ऑक्टोबरात जाहीर झालं की हा क्लब शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन होणार. म्हणजे इतकी वर्षं ज्यांना शिव्या दिल्या, त्यांच्यासाठीच आता टाळ्या वाजवायच्या! खेळाडूंनी त्यानंतरचा एकही सामना हरला नाही. १ जानेवारी १९९९ ला त्यांनी एम्परर्स कपची फायनल २-१ नं जिंकली. कप हातात, आणि क्लब संपला.

पण पुढची गोष्ट मला जास्त आवडते. चाहते मारिनोसकडे गेलेच नाहीत. त्यांनी पैसे गोळा केले आणि योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब काढला. तो खालच्या लीगमधून चढत २००७ ला पहिल्या श्रेणीत पोचला. मधल्या काळात त्याच्यावरही एका कंपनीची मालकी आलीच, हेही सांगून टाकतो. पैसा लागतोच.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? कोल्हापूर बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल... तालमींच्या टीम आहेत, पेठेच्या आहेत. शाहू स्टेडियम भरतं. समर्थकांची डोकीही फुटतात, ते सोडा. प्रायोजक येतात-जातात, पण तालीम विकून टाकली असं तिथे कोणी म्हणू शकत नाही.

रविवारी मी पोट्ट्यांना एवढंच म्हटलं, छातीवर मोहल्ल्याचं नाव, भाऊंचं बाहीवर. आणि घरटी महिन्याला वीस रुपये वर्गणी. भाऊंच्या माणसाचं उत्तर तासाभरात आलं, "छातीवर नसन तर राहू द्या."

गोलकीपर माझ्यावर भडकला. "तुमच्यानं बूट गेले काका. तुम्ही देता का बूट?" त्याचे वडील हमाली करतात. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. चौदा जणांचे बूट माझ्या पगारात बसत नाहीत.

बाकीचे वही घेऊन फिरताहेत. एका आजीनं विचारलं, "गणपतीची वर्गणी तं झाली ना बापा?" तरी दिले तिनं. कालपर्यंत ४१ घरं झाली, ८२० रुपये. एक बॉल आणला. सकाळी सहाला अनवाणीच खेळतात.

गोलकीपर अजून आलेला नाही. आमच्याकडे दुसरा गोलकीपर नाही.