आमच्या वाड्यातले दोन वॉर्डन

परवा नातवाने विचारलं, "आजी, ब्लॅकआऊट म्हणजे काय ग?" म्हणून हे लिहितेय.

१९७१. मी चौथीत. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात एका वाड्यात राहायचो. ३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि बघता बघता खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चढले, मोटारींचे दिवे अर्धे काळे झाले. कोयलीची रिफायनरी जवळ, तिच्यावर बॉम्ब पडला तर काय, हीच मोठ्यांची चर्चा.

वाड्यात सिव्हिल डिफेन्सचे स्वयंसेवक दोन. एक आमचे आजोबा, तात्या, रेल्वेतून रिटायर. दुसरे समोरचे बापूकाका, शाळेत ड्रिलमास्तर. नळाच्या पाण्यावरून दोघांचं सहा वर्षं बोलणं बंद! आता दोघांच्या दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. चौकातल्या तुळशीच्या अलीकडे तात्यांची हद्द, पलीकडे बापूकाकांची. खुद्द तुळस कोणाची, यावर एक आख्खी रात्र गेली. निरोप्या मी.

"सांग त्यांना, विडी विझवा. विमानातून दिसते."

"सांग तुझ्या आजोबांना, आधी स्वतःच्या टॉर्चला नीट कागद लावा."

दोघं उभे चार हातांवर! खंदकसुद्धा दोन खणले. तात्यांच्या खंदकात बापूकाका अंधारात पडले, नडगी सोलली. तात्या म्हणाले, "सांग, परवानगीशिवाय हद्दीत आल्यावर असंच होतं." आई पदर तोंडाला लावून हसत होती.

पण माडीवर माई होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सैन्यात, पश्चिमेच्या आघाडीवर. महिनाभर पत्र नाही. देवापुढची समई त्या रात्रभर तेवत ठेवायच्या आणि जाळीतून उजेड बाहेर यायचा. एका रात्री सायरन झाला, खालून कोणीतरी ओरडलं, आणि दोन्ही शिट्ट्या वाजवत दोघं एकदमच जिन्याने वर. मी मागे.

माई समईपुढे बसल्या होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "मला धरून न्या हवं तर. ही नाही विझवायची."

शिट्ट्या थांबल्या. दोघंही दारात तसेच उभे. मग तात्या खाली गेले, आपली घोंगडी, हातोडी आणि खिळे घेऊन आले. स्टुलावर चढले. एक टोक लोंबत राहिलं.

"बापूराव, धरा नीट."

"धरलंय. तुम्ही बोट सांभाळा."

सहा वर्षांनी हे एवढं बोलणं! जाळी झाकली. बापूकाकांनी खाली चौकातून तीनदा बघून खात्री केली, ते वेगळं.

१७ तारखेला लढाई थांबली. सगळ्यांनी कागद फाडले. माईंची घोंगडी मात्र तशीच, समईही तशीच. जानेवारीत हॉस्पिटलमधून पत्र आलं, दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात. उजवा हात गेला होता. मुलगा होता.

माईंनी घोंगडी धुऊन, वाळवून खाली आणली. तात्या म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच." बापूकाका लगेच म्हणाले, "हो, मी तेच सांगणार होतो." तात्या भडकले, "तुमचा काय संबंध? घोंगडी माझी!"

झालं. दुसऱ्या दिवशी नळावर मी परत निरोप्या.