खाण तशी माती?

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की हल्ली आमच्या घरात दोन माणसे एकमेकांकडे चोरून पाहतात. एक आमचे नाना, वय पंचाहत्तर. दुसरा मी, वय चव्वेचाळीस. दोघांनाही मधुमेह. नानांना तो साठीत जडला, मला चाळिशीतच.

माझ्या रक्ततपासणीचा कागद आला त्या दिवशी मी म्हणालो, "नाना, तुमच्याकडून बंगला नाही मिळाला, पण ही इस्टेट मात्र वेळेआधीच मिळाली!" सगळे हसले. नाना हसले नाहीत. हातातली बशी खाली ठेवून ते गॅलरीत जाऊन बसले. मराठीच्या मास्तराला म्हण आयतीच सापडली होती: खाण तशी माती.

गेल्या उन्हाळ्यात नानांनी हट्ट धरला म्हणून त्यांना आशागडला नेले. माझे आजोबा तिथे शाळामास्तर होते. त्यांच्या हाताखाली शिकलेले एक वारली आजोबा भेटले. म्हणाले, "गुरुजी डहाणूहून पायी यायचे. पावसातसुद्धा." नागलीची भाकरी, भात नि सुकट खाऊन आजोबा ऐंशी वर्षे जगले, साखरेची गोळी कधी घेतली नाही. मग आमच्या रक्तातला हा वारसा त्यांच्या वेळी झोपला होता की काय?

परतताना नाना सहज म्हणाले, "मी पोटात होतो तेव्हा आईचे कितीतरी दिवस कण्यांच्या पेजेवर गेले. रेशनचे दिवस ते."

ते वाक्य मनातून जाईना. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया नि मुले अभ्यासली, ते मग मी वाचून काढले. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातली 3.5 किलोची. पण आपले बाळ हाडकुळे दिसले तरी चरबी त्याने राखलेली असते. कमी पडतात ते स्नायू. पुढे 2004 साली याज्ञिकांनी आपला आणि एका इंग्रज डॉक्टरमित्राचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. चरबी मात्र इंग्रजाच्या अंगात 9.1 टक्के, आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21.2!

शेकडो जनुके आपापला थोडा थोडा कल देतात, पण कल म्हणजे निकाल नव्हे. एकाच बीजाच्या जुळ्यांतही कधी एकालाच मधुमेह होतो. टंचाईच्या हिशेबाने पोटात घडलेल्या देहापुढे नंतर लिफ्ट, स्कूटर आणि चार वेळचा चहा आला, की चरबी साठते, इन्शुलिनचे काम अडते आणि स्वादुपिंड दमते. आजोबांच्या पायांनी जे थोपवले असेल, त्याला माझ्या खुर्चीने दार उघडून दिले.

म्हणीत चूक नाही. मीच ती अर्धी वाचली होती. माती खाणीतून येते खरी, पण तिला पाणी कोण घालतो, ऊन कोण देतो, हेही पाहायला हवे. आणि ती खाण तरी कुठून सुरू होते? आजीच्या पेजेच्या वाटीपासून! म्हणून आता सकाळी अर्धपोटी कॉलेजला पळणाऱ्या माझ्या मुलीला मी पोळी-भाजी, उसळ खाल्ल्याशिवाय सोडत नाही. ती कुरकुरते.

परवा नानांसमोर एक करंजी मोडून अर्धी त्यांच्या ताटात ठेवली. म्हटले, "नाना, त्या दिवशी चुकलो."

"करंजी संपव," नाना म्हणाले, "मग फिरायला जाऊ."