वायर नसलेला बास

अकूस्टिक बास गिटार ॲम्पशिवाय ऐकूच येत नाही, असं मला तिघांनी सांगितलं. तिघांचंही बरंचसं खरं होतं. बासची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. एवढा खोल सूर हवेत ढकलायला मोठी पेटी लागते, म्हणून तर डबल बास माणसापेक्षा उंच असतो. आता तो वापीहून किलवणीपर्यंत बाइकवर कसा आणणार?

अमेरिकेत अर्नी बॉल यांनी १९७२ मध्ये ‘अर्थवुड’ नावाचा अकूस्टिक बास काढला. मेक्सिकोतल्या मारियाची मंडळींच्या गितार्रॉनवरून त्यांना तो सुचला. त्याची पेटी चांगलीच खोल होती. पुढे मात्र बहुतेक बास सडपातळ झाले, पोटात पिकअप बसला आणि उरलेलं काम वायरीवर गेलं. एमटीव्हीचा ‘अनप्लग्ड’ १९८९ मध्ये सुरू झाला, पण तिथेही समोर माइक होतेच की!

आमच्याकडे माइक नाही. दोन गिटारी, एक ढोलकी, दोन गाणारे. लाइट गेली तरी गाणं थांबू नये आणि पाड्यावर कुणाच्या अंगणात बसलो तर प्लग शोधावा लागू नये, एवढीच अट. मामा म्हणाला, “अरे, इलेक्ट्रिक घे, स्वस्तात पडेल.” मी म्हटलं, “मामा, ॲम्प कोण उचलणार, तुम्ही?” आईने भिशीचे पैसे काढून दिले होते. पुन्हा मिळणार नव्हते, त्यामुळे निवड एकदाच करायची होती.

मुंबईच्या दुकानात मित्राला बरोबर नेलं, ते यासाठीच. वाजवणाऱ्याला पेटी छातीला लागून थरथरते, त्यामुळे त्याला प्रत्येक बास दणदणीत वाटतो. खरा निकाल बारा पावलांवर उभ्या माणसाचा. मी वाजवलं, तो लांब उभा राहिला. मग जागा बदलल्या. दुसऱ्या गिऱ्हाइकाला गिटार वाजवायची विनंती केली आणि त्या आवाजात बास उरतो का ते पाहिलं. दिसायला देखणा, खांदा कापलेला, पातळ बास तिथेच गळाला. उरला तो जाड, बेढब, रुंद पोटाचा. त्यात पिकअप नव्हता, म्हणून थोडा स्वस्तही.

एक गोष्ट मला फार आवडली. ४१ चा मूळ सूर पेटीतून क्षीणच निघतो, पण त्याचे ८२, १२३ असे वरचे स्वर नीट आले की कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून तारा महत्त्वाच्या. गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा इथे दबल्यासारख्या वाटतात. मी फॉस्फर ब्राँझच्या खरखरीत तारा लावल्या. घुमण्याच्या मागे लागू नका, स्पष्टपणा शोधा, असं मी आता विचारणाऱ्याला सांगतो.

आणि निम्मं काम वाद्याचं नाहीच. सिमेंटच्या भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकून बसलं की बास भरतो. कारवीच्या कुडाच्या घरात तो कुडातून बाहेर निघून जातो. दोन गिटारी एकदम खाजवायला लागल्या की तर संपलंच. आता कडव्याला एकच गिटार वाजते, दुसरा नुसता मान हलवतो. सुरुवातीला तो रुसला होता. दोन दिवस आलाच नाही.

तारप्यापुढे मात्र आमचं काही चालत नाही. एक दुधी भोपळा, थोडा बांबू, आणि आवाज शेतापलीकडे. एका काकांनी बास हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “एवढं मोठं पोट, नि आवाज एवढासा?”

पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की बास पहिला जातो, मग गिटारी, मग गाणारे. ढोलकीवाला तेवढा वाजवत राहतो.