इंजिनाचा जुना रंग

शेंदूर आपल्या ओळखीचा. पण जुन्या यंत्रांच्या रंगाखाली जे शेंदरी अस्तर मारत, त्यात तोच शेंदूर असायचा, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. लोखंड गंजू नये म्हणून. विटकरी रंगाचं ‘रेड ऑक्साइड’ वेगळं, ते लोखंडाचं. मात्र नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही. वरच्या हिरव्या-पिवळ्या रंगातही शिसं असू शकतं.

हे सांगायचं कारण आमच्या लासुर्ण्यातल्या शेडमधलं किर्लोस्करचं डिझेल इंजिन. आजोबांनी ते पिठाच्या गिरणीसाठी घेतलं, मग ते विहिरीवर गेलं. वीज आली तरी अब्बांनी भंगारात घातलं नाही. आता धाकट्या भावाला ते रंगवून दुकानापुढे मांडायचंय. त्यानं चार इंची ग्राइंडर आणला, तारेचा कप ब्रश आणला, आणि अंगणातच बसकण मारली. त्याच अंगणात त्याची दहा महिन्यांची लेक रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते.

“भाईजान, गॅरेजवाले रोज हेच करतात.”

करतात खरं. पण ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे मारतो. रंगाची खपली पडत नाही, तिचं पीठ होतं. गिरणीवाल्याच्या नातवाला पीठ कुठवर उडतं हे सांगायला नको! शिशाची धूळ दिसेनाशी होते, पण मातीत राहते. लहान मुलाच्या मेंदूला ती अपाय करते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आजोबांचं इंजिन त्याच्या कितीतरी आधीचं.

शेवटी इंजिन घरापासून लांब, रिकाम्या गोठ्यात नेलं. खाली जाड प्लास्टिक. रंगावर पाणी फवारून हातखरवडणीनं खरडायचं. ओल्या कामात ग्राइंडर नाही, शॉकची भीती. ब्लो लॅम्पही नाही, तापलेल्या शिशाची वाफ धुळीहून वाईट. रुमाल बांधून भागत नाही, म्हणून फिल्टरवाला रबरी मास्क आणला. ग्राइंडर फक्त रंग निघून गेल्यावर, गंजापुरता. ब्रशवर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगाइतका तरी हवा, गार्ड काढायचा नाही, चष्मा हवाच. तारा सुटून बाणासारख्या येतात. पितळी नावाच्या पट्टीला मी हातच लावू दिला नाही. तिच्या भोवतीचा बोटभर मूळ रंगही राहू दिला, घट्ट बसलाय तर खरवडायचा कशाला? खपल्या, प्लास्टिक सगळं बांधून वेगळं ठेवलं.

चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. भाऊ कुरकुरला, पण रोज गोठ्यातच कपडे बदलून, हातपाय धुऊन घरात आला.

मला काळजी त्या गॅरेजमधल्या पोरांची वाटते. बारामती-इंदापूर रस्त्यावर सोळा-सतरा वर्षांची पोरं उघड्या तोंडानं ट्रॅक्टर, ट्रेलर घासत असतात. मध्येच त्याच हातानं वडापाव. संध्याकाळी तो शर्ट तसाच घरी जातो, आणि आई तो धाकट्यांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवते.