थांबणारे यंत्र

2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींत, घरी मराठी आणि कागदावर हिंदी असा व्यवहार चालतो. तेथे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात प्रिंटर, स्कॅनर आणि ठसायंत्र एकाच संगणकाला जोडलेले असले, की तो मधूनच निळा पडदा दाखवून थांबतो आणि समोर बसलेल्या माणसाचा अर्ज अर्धवट राहतो, हे मन अस्वस्थ करणारे आहे. उपकरण आणि कार्यप्रणाली यांच्यात दुवा साधणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. असे अनेक ड्रायव्हर कर्नेल या गाभ्यात चालतात, आणि तेथे एकाने दुसऱ्याच्या स्मृतीत लिहिले आणि ते लक्षात आले, तर माहिती आणखी बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच थांबते.

खरी व्यथा वेगळीच आहे. स्मृती बिघडवणारा ड्रायव्हर अनेकदा आधीच आपले काम संपवून बसलेला असतो आणि नंतर तेथे पोहोचलेल्याचे नाव डम्प फाइलमध्ये, म्हणजे थांबण्याच्या क्षणाच्या नोंदीत, उमटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमार या दगडफेकीत लागलेला दगड कोणत्या हातातून सुटला हे जसे कळत नाही, तसेच हे. म्हणून सेफ मोडमध्ये, मोजक्या ड्रायव्हरांनिशी, यंत्र टिकते का ते पाहावे, नंतर अलीकडचे ड्रायव्हर एकेक करून मागील आवृत्तीवर न्यावेत; ड्रायव्हर व्हेरिफायर हे साधन संशयिताला चुकीच्या क्षणीच पकडण्याचा प्रयत्न करते. तरीही यंत्र आठवडाभर नीट चालले, म्हणजे दोष गेला की त्याची वेळ आली नाही, हे सांगता येत नाही.