कार्डावरची तांबडी रेघ

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरात माझ्या टेबलाच्या खणांवर संक्रांत येते. बाकीची साफसफाई सौभाग्यवती एकटीने उरकते. पण खण आवरताना तिला माझी हजेरी लागते. एकेक कागद चिमटीत धरून ती विचारते, "हे ठेवायचं की टाकायचं?" मी "ठेव" म्हणतो, आणि ती तो टाकते. वर्षानुवर्षांचा हा शिरस्ता आहे. यंदा मात्र मधोमध घडी पडलेले एक जाड कार्ड तिने उचलले, उलटेपालटे करून पाहिले, आणि काहीएक न विचारता पुन्हा जागच्या जागी ठेवून दिले.

ते कार्ड गोल्फचे आहे. त्यावर अठरा चौकटी आहेत, प्रत्येक चौकटीत पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा आहे, आणि ह्या सगळ्या आकड्यांवरून एक तांबडी तिरपी रेघ गेलेली आहे.

गोल्फ आणि मी हे नाव एका वाक्यात आलेले पाहून माझ्या जुन्या सोबत्यांना हसू येईल. उभी हयात मी बँकेत खतावण्या तपासण्यात घालविली. विटीदांडूनंतर हातात दांडू असा धरला नव्हता. परंतु साठी उलटली, रक्तदाब वाढला, आणि आमच्या डॉक्टरांनी फर्मावले, "चाला!" नुसते चालणे मला जमेना. तेव्हा डॉक्टर स्वतःच एके दिवशी पहाटे मला गाडीत घालून गोल्फच्या मैदानावर घेऊन गेले. "इथं चार मैल चालाल आणि चाललो हे कळणारही नाही," असे ते म्हणाले. चेंडूच्या मागे मी जे चाललो, ते चार मैलांच्या जागी सहा भरले असावेत. कारण चेंडू क्वचितच सरळ गेला.

हा साहेबी खेळ आपल्याकडे नवा, अशी माझी समजूत होती. तीही खोटी ठरली. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आणि मुंबईचा १८४२ सालचा! म्हणजे आपल्याकडे आगगाडी धावण्याच्या आधी हा चेंडू घरंगळू लागला होता. खेळाचे पहिले लेखी नियम त्याहून जुने. १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ येथे चांदीच्या गोल्फकाठीसाठी स्पर्धा ठरली, तेव्हा ते लिहून काढण्यात आले. ते अवघे तेरा होते. आज त्यांचे एक पुस्तक झाले आहे, आणि बँकेत जन्म गेलेल्या माणसाला ते पुस्तक प्रत्यक्ष खेळापेक्षा अधिक गोड वाटले, ह्यात नवल ते काय?

खरे सांगायचे, तर मला गोडी लागली ती गोल्फच्या हिशेबाची. पूर्वी हा खेळ बहुधा दोघांत, होलागणिक खेळत. ह्या होलात ज्याचे टोले कमी, त्याने तो होल जिंकला. पुढच्या होलाला पाटी कोरी. एका होलात तुम्ही अकरा टोले मारा की एकवीस, गेला तो एकच होल. हा खेळ मोठा दयाळू. पुढे सेंट अँड्र्यूजला १७५९ च्या सुमारास सबंध फेरीचे एकूण टोले मोजण्याची रीत निघाली, आणि दया संपली. मारलेला प्रत्येक टोला आता शेवटपर्यंत मानगुटीवर बसतो.

जोडीने खेळण्याचेही प्रकार आहेत. एकात दोघे आपापला चेंडू खेळतात आणि ज्याचा आकडा चांगला तो जोडीचा धरतात. दुसऱ्यात सगळेजण टोला मारतात, उत्तम पडलेला चेंडू निवडतात आणि पुढचा टोला सर्वांनी तेथून मारायचा. तिसऱ्यात मात्र जोडीला चेंडू एकच, आणि टोले आळीपाळीने. एकाने तो झुडपात घालावा आणि दुसऱ्याने काढावा. ह्या तिसऱ्या प्रकाराचे वर्णन मी घरी केले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "त्यात नवीन काय? इतकी वर्षं मी तेच खेळतेय."

माझी पहिली स्पर्धा एकूण टोल्यांची होती. तिसऱ्या होलावर माझा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. तो बाहेर येईना. मी मारी, वाळू बाहेर येई, चेंडू आत राही. चार टोल्यांच्या त्या होलाला मला अकरा टोले लागले. उरलेले पंधरा होल मी खेळलो खरा. पण मनात त्या सात जादा टोल्यांचेच कर्ज फिटत नव्हते. घरी आलो तो रक्तदाब घेऊनच.

"अहो, तुमच्यासारख्यांसाठी आमच्याच धंद्यातल्या एका माणसानं औषध काढून ठेवलंय," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मला स्टेबलफर्ड पद्धत समजावून सांगितली.

हे फ्रँक बार्नी गॉर्टन स्टेबलफर्ड शस्त्रवैद्य होते. बोअर युद्धात आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करात डॉक्टरकी केली होती. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात ते खेळत. तेथे समुद्रावरचा वारा असा की दुसऱ्याच होलाला भल्याभल्यांचा धीर सुटावा आणि त्यांनी कार्ड फाडून घरचा रस्ता धरावा. स्टेबलफर्डसाहेबांनी विचार केला, की एका घावाने सबंध माणूस मरू नये, अशी काही व्यवस्था करता येईल का? त्यांनी टोले मोजण्याऐवजी गुण मोजण्याची युक्ती काढली. पूर्वी १८९८ साली वेल्समध्ये त्यांनी तिचा एक प्रयोग करून पाहिला होता. मग १९३२ च्या मे महिन्यात वॉलसीला तिची पहिली स्पर्धा झाली.

हिशेब सोपा आहे. होलासाठी ठरलेले टोले म्हणजे पार. पारात होल संपविला तर दोन गुण, एक टोला जास्त लागला तर एक, दोन किंवा अधिक जास्त लागले तर शून्य. उलट एक टोला वाचविला तर तीन, दोन वाचविले तर चार. शून्याच्या खाली काही नाही! अकरा टोल्यांनाही शून्य आणि सहांनाही शून्य. चेंडू उचलावा, खिशात घालावा आणि पुढच्या होलाकडे चालू लागावे.

आता माझ्यासारख्याला पारात होल कोठून साधणार? त्यासाठी हँडिकॅपची सवलत. २०२० पासून निरनिराळ्या देशांच्या पद्धती मोडून जगभर एकच पद्धत आली. तुमच्या शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठ घेऊन त्यांच्या सरासरीवर तुमचा आकडा ठरतो; मैदान किती अवघड हे पाहून त्यात थोडा फेरफार होतो. माझे हँडिकॅप पडले चोवीस. म्हणजे अठरा होलांना एकेक टोला माफ, आणि सर्वांत अवघड अशा सहा होलांना आणखी एकेक. ज्याने आपल्या हँडिकॅपबरहुकूम खेळ केला, त्याचे दर होलाला दोन ह्याप्रमाणे छत्तीस गुण होतात. अशा रीतीने पंचविशीतला कसलेला खेळाडू आणि मी एकाच पंगतीला बसू शकतो. इतकी न्यायी वाटणी आमच्या बँकेच्या बोनसातही कधी झाली नव्हती.

आणि ह्या सगळ्या डोलाऱ्याखाली पाया काय? तर माणसाचा शब्द! क्रिकेटला पंच असतो. येथे क्लबाच्या स्पर्धेत अठरा होलांच्या विस्तारात कोण कोणाला पाहणार? तुमचा आकडा तुमचा सोबती लिहितो, तुम्ही तो तपासून सही करता, आणि मग ते कार्ड म्हणजे ब्रह्मवाक्य. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत रॉबर्टो डी व्हिचेन्झो ह्या अर्जेंटिनाच्या खेळाडूने सतराव्या होलाला तीन टोले घेतले होते. सोबत्याने चुकून चार लिहिले, आणि डी व्हिचेन्झोने न पाहता सही केली. हजारो लोकांनी ते तीन टोले पाहिले होते. तरी चारच धरले गेले, आणि एका टोल्यासाठी त्याची बरोबरी हुकून बॉब गोल्बी विजेता ठरला. त्या दिवशी बिचाऱ्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. ही हकिकत ऐकल्यावर, सही करण्यापूर्वी कार्ड तीनदा तपासण्याची मी प्रतिज्ञा केली. तपासले तीनदाच, चूक मात्र आकड्यांच्या बेरजेत नव्हती.

ती स्पर्धा महिन्याची नेहमीचीच, स्टेबलफर्ड पद्धतीची होती. त्या दिवशी माझ्या हाताला काय झाले होते देव जाणे. पंधरा होलांनंतर माझे एकतीस गुण झाले होते. सोळावा होल चार टोल्यांचा, अवघडांतला, मला दोन टोले माफ असलेला. चेंडू उजवीकडच्या गवतात जाऊन बसला. त्याला लागून एक वाळके पान होते. पान बाजूला करण्याची मुभा असते. मी ते उचलले, आणि चेंडू इंचभर घरंगळला.

अशा वेळी काय करावे, हे मला तोंडपाठ होते. चेंडू पूर्वीच्या जागी ठेवावा आणि स्वतःला एक टोला दंड करावा. सोबती पलीकडच्या कडेला आपला चेंडू शोधीत होता. कॅडीचा पोरगा माझ्यामागे पिशवी घेऊन आभाळातल्या घारी बघत उभा होता. मी वाकलो, उभा राहिलो आणि टोला मारला. होल सहा टोल्यांत संपला. "सहा!" मी सोबत्याला सांगितले. सहातून दोन वजा जाता चार, गुण दोन. शेवटी एकूण झाले सदतीस. छत्तीस गुण मिळविणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांना मागे टाकून मी पहिला आलो. टाळ्या पडल्या, आणि एक स्टीलचा थर्मास घेऊन मी घरी आलो.

रात्री झोप लागेना. उशाशी जणू खतावणी उघडी पडली होती. वेळीच बोललो असतो, तर सहाचे सात होऊन एक गुण गेला असता. सुभेदारांशी बरोबरी झाली असती. बरोबरीत मागल्या नऊ होलांचे गुण पाहतात, आणि त्यात त्यांचे एकोणीस, माझे अठरा पडले असते. म्हणजे थर्मास त्यांचा. चेंडू जागी न ठेवता खेळल्याचा दंड दोन टोल्यांचा. नियम ठाऊक नसता, तर तेवढाच बसून दोन गुण गेले असते. पण मला ठाऊक होते! ठाऊक असून लपविले, त्याला सबंध कार्डच बाद; आणि अशा गुन्ह्याला निकाल लागल्यानंतरही मुदतीची सूट नाही. एका गुणाचे कर्ज एका रात्रीत केवढे फुगले होते!

बॉबी जोन्सची गोष्ट आठवली. १९२५ सालच्या अमेरिकन ओपनमध्ये गवतात त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःवर एक टोला लावून घेतला, आणि पुढे बरोबरी होऊन जादा फेरीत तो हरला. लोकांनी वाहवा केली, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की मी बँक लुटली नाही म्हणून माझी वाहवा कराल काय? दुसऱ्या कोणाला ही उपमा नुसती मजेची वाटेल. मी चाळीस वर्षे बँकेत काढली आहेत.

सकाळी चहाच्या वेळी मी सौभाग्यवतीला सारे सांगितले. तिला पार आणि हँडिकॅप ह्यांतले काही कळत नाही. ती एवढेच म्हणाली, "दहा पैशांची तफावत सापडेना म्हणून एकदा रात्री अकरापर्यंत बँकेत बसला होता तुम्ही. मी जेवायची थांबले होते." आणि तिने थर्मास पुसून, कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला.

क्लबाच्या चिटणिसांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, फायलीतून कार्ड काढले आणि त्यावर तांबडी रेघ मारली. ते कार्ड मी मागून घेतले. थर्मास सुभेदारांकडे गेला. ते मला भेटायला आले, तेव्हा मला मान वर करवेना. "पुढल्या रविवारी माझ्याबरोबर खेळा," एवढेच ते बोलले. आणि त्या रविवारी माझे कार्ड त्यांनीच लिहिले. मी आकडा सांगावा आणि त्यांनी दुसऱ्यांदा न विचारता तो मांडावा, असे अठरा होल चालले.

त्या पोराची मात्र मला अधिक धास्ती वाटत होती. मी त्याला म्हणालो, "बाबा रे, त्या दिवशी सोळाव्या होलाला चेंडू हलला होता."

"ठाऊक आहे साहेब," तो म्हणाला. "तुम्हाला दिसलं की नाही, एवढंच मला ठाऊक नव्हतं."

स्टेबलफर्डसाहेबांनी फार मोठे उपकार करून ठेवले आहेत, ह्यात शंका नाही. वाळूतले अकरा टोले, वाऱ्यावर गेलेला चेंडू, चुकलेला नेम ह्या सर्वांना शून्य मांडावे आणि पुढे चालावे. आयुष्यातलेही असे कितीतरी होल मी अलीकडे शून्यावर सोडून दिले आहेत, आणि माझा रक्तदाब उतरला आहे. मात्र एक होल असा आहे, की तेथे त्यांचे औषध लागू पडत नाही. त्या पोराने मला दिलेला संशयाचा फायदा मला त्याला परत करावा लागला, तेव्हा त्याच्या तोंडावरचे भाव मी पाहिले आहेत.

म्हणूनच ते कार्ड खणात आहे. सौभाग्यवती ते दर दिवाळीला उचलते, झटकते आणि परत ठेवते. ह्या एकाच कागदाबद्दल तिने मला आजवर काही विचारलेले नाही.