औषध सरकारी, देह रोग्याचा

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. सूनबाईंना बढती मिळाल्याचे वाचून संतोष झाला. परंतु उपचाराचा खर्च ज्याअर्थी सरकार सोसते त्याअर्थी रोग्याने काय खावे नि काय ओढावे हे ठरविण्याचा अधिकारही सरकारास पोहोचतो, हे तुझे विधान वाचून माझी दुपारची झोप उडाली. अरे, सरकार सोसते म्हणजे कोण सोसते? खजिन्यातला पैसा त्या सिगारेट ओढणाऱ्यानेच, तिच्यावरील जबर करासकट, भरलेला असतो. मग खजिनदाराने मालकास हिशेब द्यावयाचा, की मालकाच्या ताटातले घास मोजावयाचे? चष्म्यांचा नि कवळ्यांचा निम्मा खर्च रोग्यावर लादण्याचे ठरताच १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणारा बेव्हन तुमच्या विलायतेतलाच ना? २०१६ साली यॉर्ककडे, अतिस्थूल माणसाची जिवावर न बेतलेली शस्त्रक्रिया वर्षभर आणि धूम्रपान करणाऱ्याची सहा महिने लांबविण्याचा बेत झाला नि वरिष्ठांनी तो तहकूब करविला, तेव्हा त्या रोग्यांसाठी हळहळून पत्र लिहिणारा तूच. आज त्याच बेताची वकिली करतोस!

संसर्गाची गोष्ट निराळी, हे मला मान्य आहे. माझ्या घरचा रोग शेजाऱ्याच्या घरात शिरतो तेथे सरकारने दार ठोठावणे रास्तच. पण १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली तोच हक्क कसा बजावला गेला? गोरे सोजीर माजघरात नि देवघरात शिरले, आणि लोक रोगी लपवू लागले. टिळकांनी स्वच्छतेस कधी विरोध केला नाही, उलट प्लेगचे इस्पितळ काढले. त्यांचा संताप होता तो जुलमावर. धाकाने दुखणे जात नाही, ते पदराआड जाते. दादांनी छातीतली कळ शेवटपर्यंत डॉक्टरांपासून का चोरली, हे तुला मी सांगावयास हवे काय?

वहिनी चैत्रात तुझ्याकडे येतील. मिश्रीची डबी त्यांच्या पिशवीत असेलच. ती पाहून पत्रातला आवेश त्यांच्यापुढे आणू नकोस. हल्ली जिना चढताना त्या मधेच थांबतात, आणि विचारले की किल्ल्या शोधीत असल्याचे सांगतात. तेवढे तपासून मला लगेच कळव.

हे आशीर्वाद.

तुझा काका